एका निवेदनावरच्या तीन सह्या

मॉस्कोतील दप्तरे खुली झाल्यावर उलगडलेली तीन भारतीय क्रांतिकारकांची कहाणी. त्यांतील एक वर्ध्याचा

रशियाची गुप्त दप्तरे म्हटली की आपल्याकडे पहिल्यांदा आठवतो तो मित्रोखिन. केजीबीच्या या माजी दप्तरपालाच्या टिपणांवर आधारलेला दुसरा खंड २००५ साली प्रसिद्ध झाला आणि कोणाला किती पैसे मिळाले, यावरून दिल्लीत गदारोळ उडाला. परंतु ती टिपणे म्हणजे मूळ कागद नव्हेत. त्या माणसाने हाताने उतरवून १९९२ मध्ये ब्रिटनला नेलेल्या त्या नकला होत. खुद्द रशियात अधिकृतपणे खुले झालेले कागद वेगळे आहेत. त्यांची चर्चा आपल्याकडे फारच कमी झाली. वास्तविक त्यांतील एक धागा थेट विदर्भापर्यंत येतो.

जुलै १९२१ मध्ये मॉस्कोत कम्युनिस्ट इंटरनॅशनलची, म्हणजेच कॉमिन्टर्नची, तिसरी परिषद भरली होती. त्या सुमारास बर्लिनहून आलेल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गटाने भारत आणि जागतिक क्रांती या विषयावर एक निवेदन सादर केले. त्यावर नावे तिघांची होती : वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, पूर्व बंगालचे गुलाम अंबिया खान लुहानी आणि वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. आधी ब्रिटिश सत्ता उलथवावी, त्यासाठी सर्व पंथांच्या क्रांतिकारकांची एकजूट बांधावी, कम्युनिस्ट पक्षाचे पुढे पाहता येईल, असा त्याचा साधारण रोख होता. निवेदन लेनिनपर्यंत पोहोचले. आपण ते वाचल्याचे त्याने कळवलेही. मात्र कॉमिन्टर्नने कौल दिला तो मानवेंद्रनाथ रॉय यांच्या बाजूने. रॉय यांनी आदल्याच वर्षी ताश्कंदमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली होती. बर्लिनचा गट रिकाम्या हाताने परतला.

या तिघांपैकी दोघांना पुढे सोव्हिएत राजवटीनेच गोळ्या घातल्या. तिसऱ्याने वयाची ऐंशी ओलांडून १९६७ मध्ये नागपुरात देह ठेवला.

चट्टोपाध्याय हे सरोजिनी नायडू यांचे बंधू. ‘बावर्ची’ चित्रपटातील आजोबा म्हणून जुन्या प्रेक्षकांना आठवणारे हरींद्रनाथ हे त्यांचेच धाकटे भाऊ. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या मदतीने ब्रिटिशांविरुद्ध उठाव घडवण्याचा खटाटोप करणाऱ्या बर्लिन समितीचा कणा म्हणजे ‘चट्टो’. याच युद्धकाळात, अमेरिकेतील गदर चळवळीतून पुढे आलेले खानखोजे इराणमध्ये ब्रिटिशांशी लढत होते. चट्टो १९३० च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत संघात गेले आणि लेनिनग्राडच्या मानववंशशास्त्र संस्थेत भारतविषयक संशोधन करू लागले. लुहानी तर मॉस्कोत कॉमिन्टर्नचे काम करीत होते. १९२८ च्या सहाव्या परिषदेत त्यांनी भाषणही केले होते.

चट्टोंना १९३७ च्या जुलैमध्ये अटक झाली. पुढचा घटनाक्रम दप्तरांमुळे तारीखवार सांगता येतो. ३१ ऑगस्ट रोजी १८४ नावांची एक यादी स्टालिनसमोर आली. तिच्यावर स्टालिन, मोलोतोव्ह, वोरोशिलोव्ह, झ्दानोव्ह आणि कागानोविच यांनी सह्या केल्या. २ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी मंडळाने शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी ती अमलात आली. लुहानींवर हीच वेळ सप्टेंबर १९३८ मध्ये आली. या निवेदनाशी संबंध नसलेले, परंतु ताश्कंदच्या पक्षस्थापनेत सहभागी असलेले अवनी मुखर्जी यांनाही ऑक्टोबर १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली होती.

येथे या ‘याद्यां’चे गणित समजून घ्यावे लागते. गुप्त पोलीस खाते आरोपींची नावे वर्गवार लावून पाठवी. पहिला वर्ग म्हणजे मृत्युदंड, दुसरा म्हणजे दहा वर्षे छळछावणी. नेत्यांची सही झाली की निकाल लागलाच. खटला हा नंतरचा उपचार. वकील नाही, अपील नाही, सुनावणी काही मिनिटांची. डिसेंबर १९३४ मध्ये किरोव्हच्या खुनानंतर घाईघाईने केलेल्या कायद्याने याची वाट मोकळी करून दिली होती. अशा ३८३ याद्या क्रेमलिनच्या दप्तरात जपून ठेवलेल्या निघाल्या. त्यांत सुमारे ४४ हजार नावे आहेत. ‘मेमोरियल’ या रशियन संस्थेने २००२ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सरकारी नोंदींनुसारच ६ लाख ८१ हजार ६९२ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. परदेशी माणसावर हेरगिरीचा आरोप ठेवणे सर्वांत सोपे; बर्लिनमध्ये उमेद घालवलेल्या भारतीयाबाबत तर अधिकच.

मृत्यूइतकेच क्रौर्य त्यानंतरच्या मौनात होते. नातेवाइकांना ‘पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षे शिक्षा’ असे सांगण्याची पद्धत होती. त्या वाक्याचा खरा अर्थ बहुधा माणूस केव्हाच मारला गेला, असा असे. स्टालिन गेल्यावर, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, चट्टो आणि लुहानी यांना निर्दोष ठरवण्यात आले. परंतु त्याच काळात, १९५५ मध्ये, केजीबीने आणखी एक आदेश काढला होता : माणूस छावणीत आजाराने मरण पावला असे घरच्यांना कळवावे, तारीख आणि कारण जुळवून द्यावे. म्हणजे दोषमुक्ती खरी आणि मृत्यूचा दाखला खोटा! चट्टोंच्या धाकट्या भगिनी सुहासिनी जांभेकर मुंबईत राहत, स्वतः कम्युनिस्ट चळवळीत होत्या. १९७३ मध्ये त्या गेल्या. यादीवरच्या सह्या जगापुढे आल्या त्या त्यानंतर तब्बल २९ वर्षांनी.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर कॉमिन्टर्नचे दप्तर संशोधकांना पाहता येऊ लागले. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीने पूरबी रॉय, शोभनलाल दत्तगुप्त आणि हरी वासुदेवन यांच्या संपादनाखाली भारतविषयक निवडक कागदांचे खंड काढले. निरोद बरुआ यांचे चट्टोंचे चरित्र २००४ मध्ये आले. मराठीत मात्र या साहित्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, ही खेदाची बाब आहे.

अर्थात, दप्तर उघडले म्हणजे सत्य हाती लागले असे होत नाही. १९३७ च्या तपासाच्या फायलींत आरोपीचा ‘कबुलीजबाब’ हमखास सापडतो. तो वाचून कोणी हेर होता असे ठरवणे धोक्याचे आहे. तपासात शारीरिक बळाचा वापर करण्यास १९३७ पासून पक्षाने परवानगी दिली होती, हे स्टालिनच्याच जानेवारी १९३९ च्या तारेत नमूद आहे. लंडनमधील कागदही तितक्याच सावधपणे वाचावे लागतात. ब्रिटिशांचे भारतविषयक हेरखाते चट्टोंवर अनेक वर्षे पाळत ठेवून होते आणि त्याच्या फायलींत ते बोल्शेविकांचे हस्तक ठरतात. सोव्हिएत पोलिसांनी मात्र त्यांना शत्रू ठरवून संपवले.

खानखोजे वाचले, ते त्यांना धोक्याची चाहूल लागली होती म्हणून असे मानायला आधार नाही. मॉस्कोत निवेदन फेटाळले गेले, बर्लिनमध्ये फारसे काही उरले नाही आणि १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले, इतकेच. योगायोग असा की, रॉय मॉस्कोला आले होते ते याच मेक्सिकोतून. खानखोजे यांनी मात्र तेथे राजकारण न करता अमेरिकेत शिकलेले शेतीशास्त्र कामी आणले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतीशाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रंगवलेल्या एका भित्तिचित्रात भाकरी वाटणारा माणूस आहे. त्याचा चेहरा खानखोजे यांचा. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि नागपुरात स्थायिक झाले. चापिंगोमध्ये २०२२ साली त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

‘मेमोरियल’ विसर्जित करण्याचा आदेश रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. तिने प्रसिद्ध केलेल्या याद्या तोवर जगभर पोहोचल्या होत्या.