हत्तीपासून चार पावलांवर

सफारीच्या गाडीत वन्यजीव छायाचित्रकार ओळखू येतो तो मांडीवरच्या लांबलचक टेलिफोटो लेन्सवरून. निक ब्रँट या इंग्रज छायाचित्रकाराने पूर्व आफ्रिकेत काम सुरू केलं तेव्हा ती लेन्स त्याने ठरवून बाजूला ठेवली. हाती घेतला पेंटॅक्स ६७, झूम नसलेल्या दोन लेन्स आणि कृष्णधवल फिल्म. या कॅमेऱ्याची निगेटिव्ह नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौपटीहून मोठी. पण १२०च्या एका रोलमध्ये फोटो निघतात फक्त दहा. अकराव्या क्षणाला तुम्ही मान खाली घालून, उडत्या धुळीत नवा रोल भरत असता.

एवढा खटाटोप कशासाठी? लांबच्या लेन्समधून प्राणी मोठा दिसतो, पण त्याच्यामागचा माळ आणि आभाळ पुसट होऊन जातं. ब्रँटला ते आभाळ हवं होतं. माणसाचं व्यक्तिचित्र आपण शंभर फुटांवरून काढत नाही, मग सिंहाचं तरी तसं का काढावं, ही त्याची भूमिका. त्याच्या चित्रांत पाठलाग, झडप, रक्त दिसत नाही. प्राणी नुसता असतो. २००६ साली मसाई मारामध्ये काढलेलं, वादळाआधी बसलेल्या सिंहाचं चित्र पाहा. सिंह दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो. तो उठून बसावा आणि नेमकं त्याच वेळी आभाळ भरून यावं, यासाठी दिवसचे दिवस गाडीत बसून राहण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता. चित्रात त्याची आयाळ वाऱ्याने उडते आहे, आणि तो आपल्याकडे पाहतही नाही. मला हे चित्र शिकारीच्या शंभर चित्रांपेक्षा मोलाचं वाटतं.

ब्रँट लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये चित्रकला आणि चित्रपट शिकला, मग म्युझिक व्हिडिओंचा दिग्दर्शक झाला. मायकेल जॅक्सनच्या १९९५च्या ‘अर्थ साँग’च्या निमित्ताने तो टांझानियात पोचला. तिथल्या प्राण्यांबद्दल जे वाटलं ते व्हिडिओत मावणार नाही, हे ओळखून तो स्थिरचित्रांकडे वळला. ‘ऑन धिस अर्थ’ (२००५), ‘अ शॅडो फॉल्स’ (२००९) आणि ‘अक्रॉस द रॅव्हेज्ड लँड’ (२०१३) ही त्याची तीन पुस्तकं.

या पुस्तकांतली कितीतरी चित्रं केनियातल्या अंबोसेलीची आहेत. किलिमांजारो डोंगर सीमेपलीकडे टांझानियात, पण त्याचं पाणी जमिनीखालून झिरपत अंबोसेलीत वर येतं आणि कोरड्याठाक माळावर हिरव्या दलदली तयार होतात. हत्ती रोज या माळावरून दलदलीकडे जातात. पायांखालची राखेसारखी भुरी माती उधळते, आणि छायाचित्रकाराला हवं ते सगळं एका चौकटीत मिळतं. शिवाय इथल्या हत्तींना माणसांची सवय आहे. सिंथिया मॉस यांनी १९७२ साली त्यांचा अभ्यास सुरू केला, तेव्हापासून एकेका कुटुंबाची नोंद ठेवली जाते.

इगोर हा त्यातलाच एक नर. २००७ साली तो पाणी पीत असताना ब्रँट त्याच्यापासून काही मीटरवर होता. सोंड पाण्यात, दोन भले मोठे सुळे जवळजवळ जमिनीला टेकलेले, कातडीची एकेक सुरकुती मोजता येईल इतकी स्पष्ट. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, चोरट्या शिकाऱ्यांनी सुळ्यांसाठी त्याला मारलं. वय ४९. माणसावरच्या ज्या विश्वासाने इगोरने कॅमेऱ्याला जवळ येऊ दिलं, त्याच विश्वासाने मारेकऱ्यांनाही येऊ दिलं असेल, असं ब्रँटने पुढे लिहिलं. २००८च्या एका चित्रात कळपाच्या पुढे चालणारी मारियाना ही म्होरकी हत्तीणही २००९ मध्येच मारली गेली.

माझ्या मते ब्रँटच्या कारकिर्दीचं खरं वळण इथे आहे. जवळ जाऊन चित्र काढलं, तर त्या जिवाच्या राखणीची जबाबदारीही येते, हे त्याने मनावर घेतलं. सप्टेंबर २०१० मध्ये त्याने केनियातले संवर्धक रिचर्ड बोनहॅम यांच्यासह ‘बिग लाइफ फाउंडेशन’ स्थापन केलं. गस्त घालणारे रेंजर बहुतांशी तिथल्याच मसाई वस्त्यांमधले असतात. हाच या कामाचा कणा. कुठे नवा माणूस दिसला, कोणाकडे अचानक पैसा आला, हे बाहेरच्या शिपायाला कळत नाही, गावच्या पोराला कळतं. सिंहाने गाय मारली तर मालकाला भरपाई मिळते, म्हणजे तो भाला घेऊन सूड उगवायला निघत नाही. तिसऱ्या पुस्तकात त्यामुळे माणूसही आला: मारल्या गेलेल्या हत्तीचे सुळे धरून उभा असलेला रेंजर.

पुढे ‘इनहेरिट द डस्ट’साठी (२०१६) त्याने आपली जुनी, अप्रकाशित चित्रं प्राण्यांच्या खऱ्या आकारात छापली, मोठमोठ्या फळ्यांवर चिकटवली आणि जिथे हे प्राणी एके काळी हिंडत असतील अशा जागी उभी केली: दगडाची खाण, कचऱ्याचे ढीग, पुलाखालची जागा. माणसं आपापल्या कामात आहेत, आणि त्यांच्या मधोमध हत्ती. त्याने तिथल्या माणसांना गुन्हेगार ठरवलं नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तीही त्याच उजाड जमिनीवर राहतात.

‘द डे मे ब्रेक’च्या (२०२१) पहिल्या भागात तर माणूस आणि प्राणी एकाच चौकटीत, एकाच वेळी आहेत. ही चित्रं २०२० मध्ये केनिया आणि झिंबाब्वेतल्या आश्रयस्थानांत काढली. प्राणी वाचवून आणलेले, पुन्हा रानात सोडता न येणारे. माणसं दुष्काळाने किंवा पुराने घरदार गमावलेली. भोवती यंत्राने सोडलेलं धुकं. त्यात नाजिन आहे. ती आणि तिची मुलगी फातू या उत्तरी पांढऱ्या गेंड्यांपैकी जगात उरलेल्या शेवटच्या दोघी. केनियातल्या ओल पेजेटा इथे त्यांच्यावर चोवीस तास सशस्त्र पहारा असतो.