चारांतून एक निवडताना

वसंतातले हे दिवस जसे व्याख्यानांचे, तसेच परीक्षांचेही. बारावीची परीक्षा आटोपते न आटोपते तोच मुलांपुढे दुसरी परीक्षा उभी राहते. कोणाची राज्याची 'सीईटी', कोणाची वैद्यकीय प्रवेशाची 'नीट', तर कोणा पदवीधराची संघ लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा. या परीक्षांत लिहायचे असे काहीच नसते. प्रश्नाखाली चार उत्तरे छापलेली असतात. त्यांतले एक निवडायचे. ऐकणाऱ्याला वाटते, केवढे सोपे काम! पण वर्षभर रात्रीचा दिवस केलेली मुले याच सोप्या कामात फसतात. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम ही पद्धत आली कोठून, ते पाहू. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघा अभ्यासकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे तपासायला धाडली. गुण आले ते इतके निरनिराळे, की एकाच्या हातून उत्तम ठरलेली उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या हातून जेमतेम ठरावी. परीक्षकाच्या लहरीवर मुलाचे भवितव्य लोंबकळत ठेवणे बरे नव्हे, हे तेव्हा अनेकांना पटले. १९१५ च्या सुमारास कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी एकच निश्चित उत्तर असलेली वाचनाची चाचणी रचली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने लक्षावधी जवानांची चाचणी अशाच प्रश्नांनी घेतली, १९२६ साली महाविद्यालयीन प्रवेशासाठी 'सॅट' सुरू झाली आणि १९३८ साली पेन्सिलीच्या खुणा विजेच्या साहाय्याने ओळखणारे यंत्र बाजारात आले. तेव्हा या पद्धतीचा हेतू मुळात न्यायाचा होता, हे विसरू नये. मात्र परीक्षकाची लहर गेली, तरी परीक्षार्थीची घाई उरलीच.

या घाईचा पहिला बळी म्हणजे प्रश्नाचे वाचन. एक साधा प्रश्न घ्या: 'पुढीलपैकी अरबी समुद्राला न मिळणारी नदी कोणती?' पर्याय असे: तापी, उल्हास, वैनगंगा, सावित्री. घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून तो इवलासा 'न' निसटतो. पहिलाच पर्याय तापी. ती सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते हे त्याला पाठ असते. तो आनंदाने तोच गोल काळा करतो! येथे भूगोल कच्चा नव्हता, वाचन कच्चे होते. म्हणून 'न', 'अयोग्य', 'चुकीचे', 'फक्त' असले शब्द दिसताच त्यांखाली रेघ ओढावी आणि चारही पर्याय वाचल्यावाचून उत्तराला हात घालू नये.

दुसरी गोष्ट वगळण्याची. याच प्रश्नात एखाद्याला वैनगंगेविषयी काहीच ठाऊक नाही असे समजू. पण तापी पश्चिमेला जाते, उल्हास वसईच्या खाडीला मिळते आणि सावित्री महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे उतरते, एवढे त्याला माहीत आहे. तीन गेल्या, उरली ती एक. बरोबर उत्तर माहीत नसताना चुकीची उत्तरे ओळखून त्याला ते सापडले. विधानांच्या प्रश्नांत तर एवढेही लागत नाही. तीन विधाने दिली आहेत आणि पर्याय आहेत: १ व २, २ व ३, १ व ३, तिन्ही. दुसरे विधान चूक आहे एवढे जरी खात्रीने ठाऊक असले, तरी तिसऱ्या पर्यायावाचून काही उरतच नाही. अर्थात प्रश्न काढणारेही भोळे नाहीत. लोकसेवा आयोगाने २०२३ च्या पूर्वपरीक्षेत 'वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?' असे प्रश्न भरपूर घातले. तेथे प्रत्येक विधान पारखावेच लागते. युक्ती ही ज्ञानाची काठी होय. ज्ञानाचे पाय नव्हेत.

आता सर्वांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न: येत नसेल तर ठोकून द्यावे की सोडून द्यावे? याचे उत्तर धाडसात नाही, अंकगणितात आहे. 'नीट'मध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीला १ कापला जातो. समजा, १२ प्रश्न अगदी अंदाजपंचे सोडवले. सरासरीने ३ बरोबर येतील, त्यांचे १२ गुण, ९ चुकतील, ते ९ वजा, शिल्लक ३. पण ही सरासरी झाली. प्रत्यक्षात एकच बरोबर आले तर ७ गुणांचा तोटा, पाच आले तर १३ चा लाभ. हा जुगारच म्हणायचा! याउलट त्या १२ प्रश्नांतून प्रत्येकी दोन पर्याय खात्रीने वगळता आले, तर सरासरीने ६ बरोबर व ६ चूक. म्हणजे २४ वजा ६, शिल्लक १८. लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला त्याचा एक-तृतीयांश भाग वजा. तेथे १२ आंधळ्या उत्तरांची शिल्लक सरासरीने शून्य येते. पण दोन पर्याय वगळता आले तर ८. आणि राज्याच्या 'सीईटी'त चुकीबद्दल काहीच कापत नाहीत; तेथे एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे दारी आलेले परत धाडणे. तात्पर्य, नियम वाचल्यावाचून धोरण ठरवू नये आणि शेजारच्या मुलाचे धोरण उसने घेऊ नये.

वेळेचेही गणित असेच आहे. २०२५ च्या 'नीट'मध्ये १८० प्रश्न आणि १८० मिनिटे होती. प्रश्नामागे एक मिनिट, आणि त्यातच गोल काळा करणे आले. एका हट्टी प्रश्नाशी पाच मिनिटे झुंजणारा मुलगा पुढचे चार सोपे प्रश्न गमावून बसतो. आणि सोप्या प्रश्नाचे गुण अवघडाहून कमी नसतात. म्हणून तीन फेऱ्या कराव्यात. पहिलीत येणारे सोडवावेत, दुसरीत विचार मागणारे, तिसरीत वगळून ठरवण्याचे.

मात्र प्रश्न सोडला की त्याचा गोलही सोडावा! आमच्या ओळखीच्या एका मुलीने तेविसावा प्रश्न पुढच्या फेरीसाठी ठेवला आणि चोविसाव्याचे उत्तर तेविसाव्या ओळीत भरले. पुढे सारीच ओळ सरकत गेली. ध्यानी आले तेव्हा मिनिटे थोडी उरली होती, आणि शाईचा गोल खोडता येत नाही. वर्ष गेले. दुसऱ्या वर्षी तिने पुस्तके नवी आणली नाहीत. आणल्या त्या कोऱ्या उत्तरपत्रिका. दर दहा प्रश्नांनी क्रमांक ताडून पाहायची सवय तिने लावून घेतली आणि तिला प्रवेश मिळाला.

एक जुना समज येथेच दूर केलेला बरा. 'पहिले सुचलेले उत्तर बदलू नये' असे घरोघरी सांगतात. क्रुगर, विर्ट्झ आणि मिलर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरील खाडाखोड तपासली. निम्म्याहून किंचित अधिक बदल चुकीकडून बरोबरकडे झालेले होते. बरोबरकडून चुकीकडे गेलेले सुमारे एक-चतुर्थांश. मग समज उलटा का? बदलून चुकलेले उत्तर जन्मभर सलते. बदलून सुधारलेले आपण दुसऱ्या दिवशी विसरतो. सबळ कारण सापडले तर उत्तर अवश्य बदलावे. नुसत्या धास्तीपायी बदलू नये. शाईच्या परीक्षेत मात्र ही चलबिचल गोल भरण्यापूर्वीच उरकावी.

या साऱ्या युक्त्या शेवटच्या तीन तासांच्या. त्याआधीचे वर्ष कसे घालवावे? रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी आहे. एकच उतारा काहींनी पुन्हा वाचला; काहींनी पुस्तक मिटून जे आठवले ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे रंगीत रेघा ओढत तेच पान दहादा वाचल्याने ओळख वाढते, आठवण वाढत नाही. सराव परीक्षा हे केवळ मोजमाप नव्हे, तोच अभ्यास होय. मात्र चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापाशी थांबून 'माहीत नव्हते, नीट वाचले नाही, की घाई झाली?' हे वहीत लिहिले तरच.

शेवटी वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. ही परीक्षा काय मोजते? ठरावीक वेळात, ठरावीक विषयांत, दिलेल्यातून योग्य ते निवडण्याची ताकद. ती मोलाची आहेच. पण रुग्णाची कहाणी धीराने ऐकणे, मोडलेले यंत्र उलगडून बसवणे, दोन भांडणाऱ्यांचा समेट घडवणे, यांतले काहीही चार गोलांत मावत नाही. आयुष्यातल्या बऱ्याच प्रश्नांखाली तर पर्याय छापलेलेच नसतात. ते आपले आपणच शोधावे लागतात. तेव्हा मुलगा परीक्षेहून दमून घरी आला की उत्तरसूची घेऊन त्याला दारात अडवू नये. आधी पाणी द्यावे, जेवू घालावे. गोल काळे झालेले असतात, ते आता बदलत नाहीत. बदलते ते मुलाचे मन, आणि ते मात्र आपल्या हाती असते.