ग्रुनेवाल्डचा सातबारा

बर्लिन, नोव्हेंबर

ग्रुनेवाल्ड स्टेशनला उतरलं की पाचेक मिनिटांत जंगल. तिकीट नाही, फाटक नाही. परवा पायवाटेच्या कडेला पाइनच्या ओंडक्यांची थप्पी होती, वर रंगाने घातलेले आकडे. राजधानीतलं झाड तोडतात आणि कुणी बोंब मारत नाही, याचं मुंबईत आरेची झाडं तोडली ती रात्र आठवणाऱ्या मला नवल वाटलं.

हिशेब साधा आहे. युद्धानंतरच्या गारठ्यात लोकांनी हे रान चुलीत घातलं, मग घाईने पाइन लावला. तो आता विरळ करतात, म्हणजे खालच्या ओक-बीचला ऊन मिळतं. वाढेल तेवढंच तोडायचं, हे १७१३ मध्ये सॅक्सनीच्या खाणींचा कारभारी कार्लोविट्झ लिहून गेला. चांदी वितळवायला लाकूड पुरेना म्हणून! ब्रिटिशांनी १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक नेमला तोही जर्मनच, बॉनचा डीट्रिश ब्रँडिस.

पण मला हेवा वाटतो तो कागदाचा. इथेही जंगलाचे प्लॉट पाडून बंगले उठत होते. १९०४ मध्ये विरोधात तीस हजार सह्या जमल्या. २७ मार्च १९१५ रोजी, ऐन महायुद्धात, बर्लिन आणि आसपासच्या गावांच्या संघाने प्रशियाकडून सुमारे १०,००० हेक्टर वन पाच कोटी मार्क मोजून विकत घेतलं. कागदावर अट अशी, की ते वनच राहील. आपलं बोरिवलीचं उद्यान १०३ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास तेवढंच. बर्लिनची अट मोडलीच नाही असं नाही. नाझींनी ग्रुनेवाल्डमध्ये लष्करी शाळेची इमारत उठवली. पुढे तिच्यावर शहराचा मलबा ओतून टॉयफेल्सबर्गची टेकडी झाली.

आणि आपल्याकडे? मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी मावशीची सोसायटी. १९५० च्या दशकात तिथल्या जमिनींना वनाच्या नोटिसा निघाल्या आणि फायलीत झोपल्या. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याने त्या नोटिसांच्या जोरावर जमीन सरकारजमा धरली, पण इमारतींचे नकाशे मंजूर होतच राहिले. मग तीसेक वर्षांनी सातबाऱ्यावर वनाचा शेरा चढला. घर विकता येईना, त्यावर कर्ज मिळेना. नुसती नोटीस काढली म्हणून जमीन वन होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ३० जानेवारी २०१४ ला.

गंमत म्हणजे जर्मनीचा वनकायदाही १९७५ चाच. त्याने खासगी मालकाची जमीन घेतली नाही, पण तिथून कुणालाही फिरायला जायची मुभा दिली.

मावशीने त्या सातबाऱ्याची झेरॉक्स अजून जपून ठेवलीय, लॅमिनेट करून.