अंधाराचे चित्रण

आनेकल हे बंगळूरु शहर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. अशा गावातील एखाद्या घरी रात्री दूरचित्रवाणीवर जुना कृष्णधवल गुन्हेपट लागला, की घरातील तरुण मंडळी हमखास विचारतात : या चित्रपटात एवढा काळोख का? माणसांचे चेहरे नीट का दिसत नाहीत? प्रश्न रास्त आहे. हा काळोख हिंदी चित्रपटात ज्यांनी कसबाने उभा केला, ते व्ही. के. मूर्ती आनेकलजवळच्या बंगळूरुतच छायाचित्रण शिकले, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

अशा चित्रपटांना ‘फिल्म न्वार’ म्हणतात. ‘न्वार’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ काळा. १९४६ मध्ये फ्रान्समधील समीक्षकांनी काही अमेरिकन गुन्हेपटांना हे नाव दिले. खून कोणी केला, एवढाच त्यांतील प्रश्न नसतो. बरा माणूस मोहाला कसा बळी पडतो, हेही तेथे पाहायचे असते. म्हणून नायकाचाही अर्धा चेहरा सावलीत राहतो.

हा काळोख दिवे मालवून मिळत नाही. एरवी पात्रावर एक मुख्य दिवा टाकतात आणि त्याने पडलेल्या सावल्या दुसऱ्या सौम्य दिव्याने पुसट करतात. न्वार पद्धतीत हा दुसरा दिवा जवळजवळ वगळतात आणि मुख्य दिवा बाजूला किंवा खाली सरकवतात. मग माणसापेक्षा त्याची सावली मोठी होते. खिडकीच्या झडपांचे पट्टे तुरुंगाच्या गजांसारखे अंगावर उमटतात.

मूर्ती यांचा जन्म १९२३ मध्ये म्हैसूरला झाला. बंगळूरुच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून शिक्षण पुरे करून ते मुंबईला आले. ‘बाजी’ (१९५१) या गुन्हेपटात ते केवळ सहायक होते. आरशाचा उपयोग करून घ्यायचे एक अवघड दृश्य त्यांनी सुचवले आणि दिग्दर्शक गुरुदत्त यांनी ते त्यांनाच टिपू दिले. सहायकाचे असे ऐकून घेणारे दिग्दर्शक तेव्हाही विरळाच. पुढे गोव्याच्या किनाऱ्यावर घडणारा ‘जाल’ (१९५२) आणि संपादकाच्या खुनापासून सुरू होणारा राज खोसला दिग्दर्शित ‘सी.आय.डी.’ (१९५६) यांचे छायाचित्रण मूर्तींनी केले. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. छायाचित्रणकाराला मिळालेला तो पहिलाच.

दूरचित्रवाणी आली, तेव्हा ही विद्या अडचणीत सापडली. चित्रपटगृहात काळोख करून मोठ्या पडद्यावर चित्र दाखवतात. घरातील संच लहान, त्यातही खोलीतला दिवा चालूच. जुन्या संचांवर काळ्या रंगाच्या बारीक छटा एकमेकींत मिसळून जात आणि सावलीतला माणूस काळा ठिपका होऊन बसे. साहजिकच दूरचित्रवाणीसाठी सगळे सारखे उजळून चित्रण करण्याची रीत पडली. तपास करणाऱ्याचे बोलणे वाढले, सावली मागे पडली.

तरीही ती पुरती गेली नाही. मूर्तींचे एके काळचे सहायक गोविंद निहलानी हेही त्याच पॉलिटेक्निकचे विद्यार्थी. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून त्यांनी दूरदर्शनसाठी ‘तमस’ केला, तेव्हा छायाचित्रणासाठी आपल्या गुरूंनाच सोबत घेतले. १९८८ च्या जानेवारीत त्याचे प्रसारण सुरू झाले. ते थांबवावे म्हणून लोक न्यायालयात गेले. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला.

‘तमस’ म्हणजे अंधार. फाळणीच्या या कथेला कोणी गुन्हेपट म्हणत नाही. पण तिचा आरंभ तसाच आहे. मंद उजेडातल्या कोंदट जागेत नथू रात्री एकटाच डुक्कर मारण्यासाठी धडपडतो आहे. पशुवैद्याला हवे आहे, असे सांगून एका ठेकेदाराने त्याच्या हाती पाच रुपये ठेवले आहेत. प्रेक्षकाला नथूचा घाम दिसतो, जनावराची हालचाल दिसते. भोवतीचे काही दिसत नाही. नथूलाही ते दिसलेले नाही. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर पडलेले असते.