वर्गणीदाराची नोंदवही कोणाच्या हाती?

फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोठून तरी वसूल होते, हे आपण सारे जाणतो. पण दरमहा वर्गणी भरून घरी चित्रपट पाहणाऱ्याला वाटते, दाम दिले, व्यवहार संपला. तो तेथे संपत नाही. आपण काय पाहिले, केव्हा पाहिले, कोठे थांबलो, काय शोधले, हे सारे स्ट्रीमिंग अ‍ॅप टिपून ठेवते. पुढे काय दाखवावे हे ठरविण्यास ही नोंद उपयोगी पडते, हे खरे. प्रश्न असा की, ती आणखी कोणत्या कामी येते, आणि ते ठरविणार कोण?

कोणी म्हणेल, नावे गाळली म्हणजे भागले! या म्हणण्याची कसोटी अमेरिकेत लागली. नेटफ्लिक्स कंपनी त्या काळी टपालाने डीव्हीडी पाठवीत असे. शिफारशीची पद्धत सुधारण्यासाठी तिने २००६ साली १० लाख डॉलरांचे बक्षीस लावले, आणि सुमारे ४ लाख ८० हजार वर्गणीदारांनी चित्रपटांना दिलेले १० कोटी गुण, नावे काढून, स्पर्धकांना खुले केले. टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी त्याचा अभ्यास केला. एखाद्याने दिलेले ८ गुण ठाऊक असले, त्यांतले २ चुकले आणि तारखा १४ दिवस मागेपुढे झाल्या, तरी १०० पैकी ९९ नोंदी नेमक्या वेगळ्या काढता येतात, असे त्यांना आढळले. २००९ मध्ये वर्गणीदार न्यायालयात गेले. २०१० मध्ये कंपनीने दुसरी स्पर्धा रद्द केली.

आम्हां संघटनेच्या माणसांना यात नवल वाटत नाही. हजेरीपटावरचे नाव खोडले, तरी पाळी, खाते आणि रजेचे दिवस पाहून मुकादम माणूस ओळखतो. घरात माणूस काय पाहतो त्यावरून त्याचे दुखणे, श्रद्धा, मते यांचा अंदाज बांधता येतो. असा अंदाज मालकाच्या वा विमावाल्याच्या हाती गेला, तर त्याची किंमत वर्गणीहून किती तरी मोठी होईल.

आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने ठरला. संमती मागणारी सूचना मराठीतही वाचावयास मिळावी, संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे, असे हा कायदा सांगतो. आपली माहिती पाहण्याचा आणि ती पुसून मागण्याचा हक्कही त्यात आहे.

परंतु कायदा कागदावर असून भागत नाही, हे कामगाराने किमान वेतनाच्या बाबतीत चांगले अनुभवले आहे. एकट्याचे पत्र टोपलीत जाते. शंभर वर्गणीदारांनी एकाच दिवशी मागितलेला हिशेब सहसा जात नाही. आपल्या वाड्यातील, सोसायटीतील, ग्रंथालयातील मंडळींनी मिळून एवढेच विचारावे: आमच्याविषयी काय टिपले, कोणाला दिले, केव्हा पुसणार? वर्गणी भरणाऱ्याला हा हिशेब मागण्याचा अधिकार आहे.