खाकीतला प्रत्येक जण पोलीस नसतो

म्हसा यात्रेत गर्दी आवरणारा होमगार्ड, डोळखांबच्या रानात मोळी अडवणारा वनरक्षक, कसारा स्थानकावरचा आरपीएफ जवान आणि किन्हवली ठाण्याचा बीट अंमलदार. चौघांच्याही अंगावर खाकी असते आणि लोकांच्या तोंडी चौघेही ‘पोलीस’च असतात. कायद्याने मात्र त्यांना वेगवेगळे अधिकार दिले आहेत. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर हा फरक कुणी समजावून सांगत नाही, आणि त्याचा फटका नेमका गरिबाला बसतो.

‘शिपाई म्हणजे काही अधिकारी नव्हे’ असे सर्रास बोलले जाते. पोलीस खातेही शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतच्या मंडळींना ‘अंमलदार’ म्हणते, त्यामुळे हा समज पक्का होतो. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 नुसार पोलीस दलातला प्रत्येक जण पोलीस अधिकारीच आहे, अगदी नव्याने भरती झालेला शिपाईसुद्धा. कलम 28 प्रमाणे तो सदैव कामावर आहे असे मानले जाते. अर्थात सगळ्यांचे अधिकार सारखे नाहीत. बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम शिपाई देऊ शकत नाही. तो कार्यकारी दंडाधिकारी देतो किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आणि प्रभारी हजर नसेल तर निदान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. तहसीलदार पोलीस नाहीत, पण कार्यकारी दंडाधिकारी आहेत. म्हणूनच भावकीच्या भांडणातली चॅप्टर केस ठाण्यातून निघते आणि शांतता राखण्याचा बाँड त्यांच्यापुढे लिहून द्यावा लागतो. पूर्वीचे कलम 107 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 126 झाले आहे.

पोलीस पाटलाबद्दल दोन टोकांचे समज आहेत. कुणाला तो गावचा फौजदार वाटतो, तर कुणाला नुसते मानाचे पद. वंशपरंपरेची पाटीलकी केव्हाच गेली. आजचा पोलीस पाटील महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 खाली नेमला जातो आणि 2024 च्या निर्णयानुसार त्याला दरमहा 15,000 रुपये मानधन आहे. गुन्ह्याची खबर ठाण्याला देणे, बेवारस किंवा संशयास्पद मृत्यू कळवणे, गंभीर गुन्ह्यातल्या संशयिताला धरून ठाण्यात पाठवणे ही त्याची कामे. गुन्ह्याचा तपास करून न्यायालयात आरोपपत्र दाखल करणे हे त्याचे काम नाही. तो पोलीस अधिकारी आहे का, यावर मुंबई उच्च न्यायालयात वेळोवेळी वेगवेगळे निकाल लागले. पुढे पूर्णपीठाने सांगितले की पुराव्याच्या कायद्यापुरता तो पोलीस अधिकारी नाही.

हा वाद वकिलांपुरता राहत नाही, कारण पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यातले हे संरक्षण नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्येही कायम आहे. हे कवच फक्त पोलिसांपुढच्या कबुलीला लागू आहे. पोलीस पाटलापुढे कुणी ‘हो, माझ्या हातून झालं’ म्हणाला, तर ते वाक्य न्यायालयात त्याच्याच विरोधात उभे राहू शकते.

वनखात्याच्या बाबतीत तर गैरसमज उलटाच बसतो. ‘हे काय पोलीस नाहीत, यांच्या कागदावर अंगठा दिला तर काय बिघडलं?’ बिघडते ते तिथेच. वनरक्षक पोलीस नसला, तरी भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 64 खाली, महिना किंवा त्याहून जास्त कैदेच्या वनगुन्ह्यात तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो. तानसा अभयारण्यात शिकारीचे प्रकरण झाले आणि सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष साक्ष नोंदवली, तर ती पुढे खटल्यात वापरता येते. धाक किंवा आमिष दाखवून घेतलेली कबुली टिकत नाही हे खरे, पण तो धाक न्यायालयात दाखवून देणे कातकरी मजुराला किती जड जाते, हे सांगायला नको. म्हणून कागद आधी मोठ्याने वाचून घ्यावा. जागेवर पैसे देऊन सुटण्याचेही तसेच. तडजोडीची रक्कम घेऊन वनगुन्हा मिटवण्याचा अधिकार वनक्षेत्रपालाच्या खालच्या कुणाला देता येत नाही. पैसे भरायचेच असतील तर ते कार्यालयात भरावेत आणि पावती घ्यावी.

रेल्वेच्या हद्दीत लोहमार्ग पोलीस हे राज्याचे पोलीस आहेत, तर आरपीएफ केंद्राचे दल आहे. रेल्वेमालाच्या चोरीची चौकशी करणारा आरपीएफ अधिकारी कबुलीच्या कलमापुरता पोलीस नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवले. अमली पदार्थांच्या कायद्यातले तपास अधिकारी मात्र पोलिसांसारखेच मानायचे, असे त्याच न्यायालयाने 2020 मध्ये बहुमताने सांगितले. म्हणजे गणवेश पाहून काहीच ठरत नाही.

होमगार्डला 1947 च्या कायद्याने पोलिसाचेच अधिकार मिळतात, पण बंदोबस्तावर बोलावले असेल तेव्हाच. माळशेज घाटातला बंदोबस्त संपवून घरी परतलेला होमगार्ड शेजाऱ्याच्या बांधाच्या भांडणात साधा नागरिक असतो. तंटामुक्त समितीच्या अध्यक्षाला आणि ‘पोलीस मित्रा’ला त्या पदामुळे अटकेचा अधिकार मिळत नाही. समितीचे काम समेट घडवण्याचे आहे, शिक्षा देण्याचे नाही.

रात्रीच्या गस्तीवर असलेल्या तरुणांनी हे तर पक्के ध्यानात ठेवावे. शेजारच्या पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे 16 एप्रिल 2020 च्या रात्री, चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना ठार मारले. कुणा अनोळखी माणसाचा नुसता संशय आल्याने गावकऱ्यांना त्याला पकडून ठेवता येत नाही. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला किंवा माणूस घोषित गुन्हेगार असला, तरच साध्या नागरिकाला त्याला पकडता येते. पकडल्यावर विनाकारण वेळ न घालवता, आणि उशिरात उशिरा सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावेच लागते. त्याला मारहाण करण्याची मुभा कोणत्याही कलमात नाही.