पित्ताशयाचे अस्तर

आसनगावला गाडीची गर्दी झाली की सडा माणूस फटीतून आत शिरतो. ट्रंक मात्र कुणीतरी उचलून द्यावी लागते. पित्ताशयाच्या अस्तराचे असेच आहे. तेथे पेशींचा एकच थर. पाणी व क्षार त्यातून परत रक्तात जातात, म्हणून पित्त पाच ते दहा पट दाट होते. मोठ्या प्रथिनाला पेशींमधील फट पुरत नाही. आयजीए हे जंतूंशी झुंजणारे प्रथिन घ्या. पेशीच्या तळाशी असलेला ग्राहक त्याला धरतो, पेशी दोघांना चिमुकल्या पिशवीत घालून पलीकडे नेते. तेथे ग्राहकाचा तुकडा प्रथिनासोबतच तुटून पित्तात जातो. म्हणजे हमाल एका खेपेतच खर्ची पडतो! (आम्हा युनियनवाल्यांना हे खटकणारच.) पेशीला नवा ग्राहक सतत घडवावा लागतो, कारण आतड्यातून वर चढणाऱ्या जंतूंना अस्तराशी चिकटू न देणे हे आयजीएचे काम.